जबड्याचा सांधा कुरकुरतो तेव्हा

(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित पाठ)



आज ज्या सांध्याविषयी बोलणार आहे, तो आपल्या शरीरात आहे हेच पुष्कळांच्या गावी नसते. गुडघा दुखला, खांदा धरला, कंबर लचकली की आपण लगेच सांध्याचे नाव घेतो. पण कानाच्या पुढे दुखू लागले की कुणी म्हणतो कान, कुणी म्हणतो दाढ, कुणी म्हणतो डोके. सांध्याची आठवण सगळ्यात शेवटी येते. कित्येकदा येतच नाही.

दोन्ही हातांची बोटे कानाच्या छिद्रांच्या किंचित पुढे हलकेच टेकवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली काहीतरी पुढे सरकते आणि परत मागे येते. तोच जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक कवटीच्या खोबणीत बसलेले असते आणि दोघांच्या मध्ये कूर्चेसारख्या चिवट पेशींची एक छोटी चकती असते. तोंड थोडेसे उघडताना हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. मोठा आ वासला की तो फिरता फिरता पुढे घसरतो, दुकानाचे सरकते दार सरकावे तसा. एकच सांधा फिरतोही आणि सरकतोही. शिवाय दोन्ही बाजूंचे सांधे एकाच हाडाला जोडलेले. गुडघ्याचे तसे नाही, एक दुखला तर दुसऱ्यावर भार देऊन माणूस लंगडत का होईना चालतो. इथे डावा सांधा हलला की उजव्याला हलावेच लागते. बोलताना, जेवताना, गिळताना, जांभई देताना, दिवसभर.

त्यात बिघाड होतो तो साधारणपणे दोन तऱ्हांनी. एक, चकती जागेवरून सरकते. मग तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो, आणि कधी ती मध्येच अडकून बसली तर तोंड अर्ध्यावरच थांबते. दुसरी तऱ्हा स्नायूंची, आणि दुखण्याचे प्रमाण बघितले तर तीच जास्त. दात घट्ट दाबून कानशिलावर हात ठेवून पाहा, तिथला स्नायू टणक होतो. गालातलाही होतो. हे चावण्याचे स्नायू. ते दिवसरात्र आवळलेले राहिले तर थकतात, दुखतात, आणि त्यांचे दुखणे कानात, कानशिलात, दाढेत जाणवते. जिथे दुखते तिथेच मूळ असेल असे नाही, हे या आजारात पदोपदी दिसते. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कोस्टन यांनी कानाच्या तक्रारी घेऊन आलेल्या काही रुग्णांचे मूळ या सांध्यात असल्याचे लिहिले. पडलेल्या दाढांमुळे हे होते, हा त्यांचा खुलासा पुढे टिकला नाही. पण कान दुखतो म्हणून आलेल्या माणसाच्या कानापुढेही बोट ठेवून बघावे, हा धडा टिकला.

आता एक हकीकत सांगतो. जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातली बाई, पस्तिशीच्या आतबाहेरची. डाव्या बाजूला कानापासून हनुवटीपर्यंत ठणका. दोन वर्षांत तीन ठिकाणी दाखवले, तिन्ही ठिकाणी एकेक दाढ काढली. दुखणे जिथल्या तिथे. माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘आता चौथी कोणती काढायची, डॉक्टरसाहेब?’’ उरलेल्या दाढांत कीड नव्हती. एकेका दाढेवर हलके ठोकून पाहिले, कळ नाही. थंड पाणी लावून पाहिले, नेहमीसारखे. मात्र गालातला स्नायू दोन बोटांत धरून दाबला तशी ती कळवळली आणि म्हणाली, ‘‘हेच! हेच दुखणं!’’

दुखते कधी, हे विचारले. सकाळी उठल्या उठल्या. जबडा जड, भाकरीचा पहिला घास चावणे मुश्कील, दुपारपर्यंत थोडे सैल. दातांचे माथे घासून सपाट झालेले. नवरा सोबत होता. तो म्हणाला, ‘‘रात्री दात खाते ती. जंताचं औषध दोनदा दिलं.’’

झोपेत दात खाणे म्हणजे पोटात जंत, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. जंत असतील तर औषध जरूर घ्यावे, पण दात खाण्याचे कारण म्हणून जंताकडे बोट दाखवायला आधार नाही. लहान मुलांत दात खाणे पुष्कळदा आपोआप थांबते. मोठ्यांत त्याचा संबंध झोपेच्या तक्रारींशी, मनावरच्या ताणाशी, तंबाखूशी, दारूशी, काही औषधांशी आढळतो. या बाईला आणखी दोन प्रश्न विचारले तेव्हा कळले, की सोयाबीन पाण्यात गेले होते, सोसायटीचे कर्ज थकले होते आणि मोठ्या मुलीचे लग्न तोंडावर होते. याचा अर्थ दुखणे मनाचे आहे, खोटे आहे, असा कुणी घेऊ नये. काळजीने आवळलेला स्नायू खरोखरच दुखतो, ओझ्याने भरलेला खांदा दुखतो तसाच. हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसतो, तोही विशी ते चाळिशीत, घरातली सगळी कामे अंगावर असतात त्या वयात. ‘काही नाही, तिच्या मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते बोलायला लागले की मी आधी त्यांनाच खुर्चीत बसवतो आणि पाच मिनिटे दात दाबून धरायला सांगतो. दोन मिनिटांच्या पुढे फारसे कुणी जात नाही.

तिच्यावर उपचार काय केला? सांगितला तर ऐकणाऱ्याला वाटेल, एवढेच? पण बहुतेकांचे दुखणे एवढ्यावरच उतरते. पहिली गोष्ट, दात एकमेकांना लावून ठेवायचे नाहीत. ओठ मिटलेले, पण आत दात सुटे, जीभ टाळूला हलकेच टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची बैठक. घास चावताना आणि गिळताना दात एकमेकांना लागतात, एरवी लागायचे कारण नाही. तरी आपण दिवसा नकळत दात आवळतो. पोते उचलताना, खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवताना, सुईत दोरा ओवताना, मोबाईलमध्ये मान घालून बसल्यावर. त्या बाईला मी सांगितले, चुलीपाशी, दारापाशी आणि गोठ्यात खडूची एकेक रेघ मारून ठेव. रेघ दिसली की दात सुटे आहेत का बघायचे. एवढे महिनाभर कर.

दुसरे, सांध्याला दोन-तीन आठवडे हलके काम द्यायचे. मी मुद्दाम ‘हलके’ म्हणतो, ‘बंद’ नाही. जबडा अजिबात न हलवता ठेवला तर तो आणखी आखडतो. ज्वारीच्या कण्या ताकात, मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, शिजवून मऊ केलेली भाजी. भाकरी सोडा असे आपल्या भागात सांगणे म्हणजे जेवण सोडा असे सांगणे, म्हणून मी ते सांगत नाही, काला करून खा म्हणतो. ऊस दाताने सोलणे मात्र बंद. पाथरी, मानवत भागातल्या माणसाला हे जिवावर येते, पण इलाज नाही. फुटाणे, खारीक, सुपारी, च्युइंग गम बंद. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती बसलात तर चार दाणे चाखा, पसाभर खाऊ नका. पेरू, कणीस चिरून, दाणे काढून घ्यावे, म्हणजे मोठा आ करावा लागत नाही. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी.

तिसरे, शेक. कोमट पाण्यात पिळलेले फडके गालावर आणि कानशिलावर दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. नुकताच मार लागला असेल तर मात्र पहिले एक-दोन दिवस गार पट्टी. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस चालतात, पण आम्लपित्त, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणून घेऊ नयेत. आणि व्यायाम. जिभेचा शेंडा टाळूला लावून, तो न सोडता तोंड जेवढे उघडेल तेवढेच सावकाश उघडायचे, मिटायचे. सात-आठ वेळा, दिवसातून चारदा. दुखेपर्यंत ताणायचे नाही.

याने भागले नाही तर रात्री दातांवर बसवायची कडक, पारदर्शक पट्टी करून देतो. दातांचे माप घेऊन ती बनवतात. ती दात घासण्यापासून वाचवते, स्नायूंनाही थोडी उसंत मिळते. मात्र दात खाण्याची सवयच ती मोडते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या बाईचे दुखणे अडीच महिन्यांत बरेच उतरले. गेलेल्या दाढा अर्थातच परत आल्या नाहीत. त्यांच्या जागी दात बसवायला तिला आणखी दोन वर्षे पैसे साठवावे लागले.

म्हणून दाढ काढायला तयार होण्याआधी काही गोष्टी स्वतःच पारखून घ्याव्यात. दाढेचे दुखणे बहुधा एका दाताशी नेऊन सोडते. गार-गरम लागले की कळ, चावताना त्याच दातावर झणका, हिरडीला सूज. सांध्याचे आणि स्नायूचे दुखणे पसरट असते, जांभईला, खाताना, सकाळी वाढते. तिसरा एक प्रकार आहे मज्जातंतूचा. तोंड धुताना, वारा लागताना विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ येते आणि जाते. त्याची औषधे अगदी वेगळी. तिन्हींसाठी दाढ काढणे हा एकच उपाय असूच शकत नाही.

नुसता आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडते, अशांनी काहीही करू नये. असे लोक पुष्कळ आहेत आणि जन्मभर मजेत जेवतात. आवाज बंद करण्यासाठी दात घासून चावा बदलणे, तारा लावणे किंवा शस्त्रक्रिया करणे यांत हित नाही. घासलेला दात पुन्हा वाढत नाही. घाईचे परिणाम अमेरिकेने भोगले आहेत. १९८०च्या दशकात तिथे सरकलेली चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनचा मुलामा असलेली कृत्रिम चकती अनेक रुग्णांना बसवण्यात आली. चावण्याच्या दाबाने तिचे कण सुटू लागले, शरीर त्या कणांशी झगडू लागले आणि त्या झगड्यात सांध्याचे हाडच झिजत गेले. शेवटी १९९०-९१ च्या सुमारास सरकारी यंत्रणेने ती वस्तू बाजारातून मागे घ्यायला लावली. आज ज्यांचे तोंड चकती अडकल्यामुळे उघडत नाही आणि साध्या उपायांनी सुटत नाही, त्यांचा सांधा सुईने धुऊन मोकळा करतात. तो छोटा उपचार आहे. मोठी शस्त्रक्रिया अगदी थोड्यांना लागते.

आता आपल्या भागातली खरी मोठी गोष्ट. ‘जबडा आखडला’ म्हणून माझ्याकडे जे तरुण येतात, त्यांतल्या अनेकांचा सांधा ठणठणीत असतो. आपली मधली तीन बोटे एकावर एक, उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. मोठ्या माणसाच्या तोंडात ती जायला हवीत. या मुलांच्या तोंडात दोन जातात, कधी एकच. गालाची आतली बाजू गुलाबी नसून पांढरट, संगमरवरासारखी, बोटाला दोऱ्या लागतात. तिखट खाल्ले की आग होते, जीभ बाहेर काढता येत नाही. हा सुपारीचा प्रताप. गुटखा, मावा, सुगंधी सुपारी, पुडी कोणतीही असो, आत सुपारी आहे. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या अस्तराखाली चिवट तंतू साचत जातात आणि तोंड आतून शिवल्यासारखे होते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांत हा आजार नोंदवला आणि १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी भारतातले रुग्ण मांडले. म्हणजे आजार जुना आहे. गुटख्याच्या पुड्या आल्यापासून तो शाळकरी पोरांपर्यंत पोचला. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुडी कुठे मिळते हे मात्र मला पेशंटच सांगतात.

या आजारात तयार झालेले तंतू आपोआप विरघळत नाहीत आणि काहींच्या तोंडात पुढे त्याच जागी कर्करोग होतो. सुपारी त्याच दिवशी सोडणे, तोंडाचा व्यायाम, इंजेक्शने, फार आखडले तर शस्त्रक्रिया आणि दर काही महिन्यांनी तपासणी. ‘तंबाखू नसलेली खातो’ म्हणून कुणी निश्चिंत राहू नये. इथे गुन्हेगार सुपारीच आहे.

याच्या उलट, उघडलेले तोंड मिटतच नाही अशीही वेळ येते. एका गावी सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाला बसलेल्या आजोबांनी मोठी जांभई दिली आणि तोंड तसेच राहिले. बोलता येईना, लाळ गळू लागली. मंडळींनी लकवा म्हणून जीपमध्ये घातले. सांध्याचे टोक खोबणीतून निसटून पुढच्या उंचवट्यापलीकडे गेले होते, एवढेच. अंगठ्यांना कापड गुंडाळून, ते खालच्या मागच्या दाढांवर ठेवून, जबडा आधी खाली आणि मग मागे ढकलायचा. युक्ती फार जुनी आहे, ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांत ती आहे. आपल्या सुश्रुतसंहितेतही निसटलेला हनुसंधी शेकून, जागेवर आणून पट्टा बांधण्याचा उपचार दिला आहे. कापड अशासाठी, की जबडा बसताना फाडकन मिटतो आणि अंगठा चावला जातो. घरी कुणी हा प्रयोग करू नये. जबड्याला खालून रुमालाचा आधार देऊन लवकर दवाखाना गाठावा. जितका उशीर, तितके स्नायू आवळतात आणि काम अवघड होते.

लहान मुलांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे चुकलेला वेळ परत मिळत नाही. मूल आखाड्यावर, बैलगाडीवरून, माळवदावरून पडते. हनुवटी फुटते. दोन टाके पडतात, जखम भरते, घरचे विसरतात. पण हनुवटीला बसलेला मार हाडातून थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो. तिथले नाजूक टोक मोडले आणि लक्षात आले नाही, तर पुढच्या महिन्यांत जबडा कवटीला हाडाने जुळून जातो. वाहत्या कानाचा जंतुसंसर्ग सांध्यात उतरूनही असे होते. तोंड दरमहा थोडे थोडे कमी उघडते, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

सोनपेठकडची सात वर्षांची मुलगी आली, तेव्हा तिच्या वरच्या-खालच्या दातांत नखही जात नव्हते. आई पडलेल्या दुधाच्या दाताच्या फटीतून भात सारायची. दात घासता येत नाहीत म्हणून सगळे किडलेले. हनुवटी वाढली नव्हती, चेहरा पक्ष्यासारखा निमुळता. रात्री घोरायची, दचकून उठायची, कारण जीभ मागे पडून श्वास अडायचा. शाळेत पोरे चिडवायची म्हणून शाळा सुटली होती. पडली होती ती तीन वर्षांपूर्वी.

अशा मुलांवर शस्त्रक्रिया हाच उपाय. जुळलेले हाड कापून काढतात आणि वाढीसाठी कधी बरगडीचा तुकडा तिथे बसवतात. यात भूल देणेच अवघड, कारण तोंड उघडत नाही. नाकातून दुर्बिणीच्या साह्याने श्वासनलिकेत नळी घालावी लागते. म्हणून हे काम मोठ्या रुग्णालयातच व्हावे. तिला आम्ही पुढे पाठवले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पण ऑपरेशनपेक्षा मोठे काम नंतरचे असते. रोज चार-पाच वेळा तोंड उघडायचा व्यायाम, रडत का होईना, महिनोन्महिने, वर्षभर आणि पुढेही. सोडला तर हाड पुन्हा जुळते. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये घालतात, दर आठवड्याला एखादी काडी वाढवतात. त्या आईला वाचता येत नव्हते, पण काड्या किती झाल्या हे ती मला दर वेळी न चुकता सांगायची. सोळापर्यंत गेल्या.

तेव्हा मूल हनुवटीवर पडले की टाके घालून झाल्यावर डॉक्टरांना एवढे विचारा: कानापुढचा सांधा पाहिला का? पुढचे सहा महिने, दर पंधरा दिवसांनी मुलाची स्वतःची तीन बोटे त्याच्या तोंडात जातात का ते बघा. कमी होत चालले तर थांबू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांनाही दाखवा. परभणीत जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, आणि दातांच्या व जबड्याच्या मोठ्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयात बसतात, शिधापत्रिका घेऊन आधी त्यांना भेटा.

आणि जबडा दुखला तरी जबड्याच्या डॉक्टरकडे येऊ नये, अशा तीन वेळा सांगून ठेवतो. चढ चढताना किंवा काम करताना जबड्यात दुखून येते, घाम फुटतो, छाती भरते, दम लागतो, तर तो हृदयाचा त्रास असू शकतो. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत छातीत फारसे न दुखताही असे होते. तडक मोठ्या दवाखान्यात जायचे. शेतात काटा, खिळा, विळा लागून काही दिवस झाले आणि दातखीळ बसू लागली, तर धनुर्वाताची शंका घ्यायची आणि रात्र असली तरी निघायचे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला घास चावता चावता जबडा दुखतो, थांबले की थांबतो, सोबत कानशिलात नवीनच डोकेदुखी आणि नजर अंधुक, तर त्याच दिवशी फिजिशियनला गाठायचे. आपल्याकडे हा रक्तवाहिन्यांचा आजार क्वचित दिसतो, पण त्यात उपचाराला उशीर झाला तर डोळा जातो.